किरणसाठी ‘ही’, ‘शी’ की ‘दे’?

किरण नावाच्या व्यक्तीबद्दल इंग्रजीत बोलताना कोणतं सर्वनाम वापरायचं, ‘ही’ (he), ‘शी’ (she) की ‘दे’ (they)? वडोदऱ्यातल्या मराठी माणसाच्या तोंडी दिवसभर तीन भाषा असतात आणि तिघींचा सर्वनामांचा हिशेब वेगळा. मराठीत तो, ती, ते. गुजरातीत तिन्हींसाठी एकच ‘ए’. लिंग क्रियापदावर दिसतं: ए आव्यो, ए आवी, ए आव्युं. इंग्रजीत नेमकं उलटं. आला, आली, आलं या तिन्हींसाठी ‘केम’ (came) सारखंच, लिंग फक्त ‘ही’, ‘शी’, ‘इट’मध्ये. म्हणून दांडिया बाजारात दिवसभर ‘ए’ म्हणणाऱ्याकडून इंग्रजीत बहिणीबद्दल ‘ही’ निघून जातं. यात अडाणीपणा नाही, सवय आहे.

‘हिज’ आणि ‘हर’मध्ये चूक जास्त होते. ‘एनी बहेन’मधला ‘नी’ बहिणीमुळे येतो. भाऊ असता तर ‘एनो भाई’. त्यामुळे राजेशच्या बहिणीचं ‘हर सिस्टर’ होऊन बसतं. इथे मराठी कामाला येते. ‘त्याची’ हा शब्द मधोमध फोडा: ‘त्या’ राजेशचा, ‘ची’ बहिणीची. इंग्रजीला फक्त पहिला तुकडा हवा असतो. म्हणून ‘हिज’.

आता ‘दे’. बेल वाजली की आपण विचारतो, ‘कोण आलंय?’ आलाय नाही, आलीय नाही. माणूस माहीत नसला की मराठी आपोआप नपुंसकलिंगाकडे वळते. इंग्रजी अशा वेळी माणसाला ‘इट’ म्हणू शकत नाही, म्हणून ‘दे’ वापरते: कुणीतरी छत्री विसरलं, तर ‘समवन लेफ्ट देअर अंब्रेला’. हे आजचं खूळ नव्हे. एका व्यक्तीसाठी ‘दे’ 14व्या शतकापासून लिहिलं गेलेलं सापडतं. मधल्या काळात व्याकरणकारांनी ‘ही’मध्येच स्त्रिया धरा असा आग्रह धरला. ब्रिटनने 1850मध्ये कायद्यांच्या भाषेसाठी तसा कायदाच केला, आणि आपल्या 1897च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम 13मध्येही तीच तरतूद आहे. बोलणाऱ्यांनी मात्र ‘दे’ सोडलं नाही.

स्वतःला पुरुष किंवा स्त्री यांपैकी कशातच न बसवणारे अनेक जण आज हेच सर्वनाम स्वतःसाठी निवडतात. मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने हा अर्थ 2019मध्ये नोंदवला. ईमेलखाली नावाशेजारी ‘दे/देम’ दिसलं तर पहिलं रूप कर्त्याचं, दुसरं कर्माचं. पुढची रूपं ‘देअर’, ‘देअर्स’ आणि ‘देमसेल्व्ह्ज’. एका व्यक्तीसाठी ‘देमसेल्फ’ही आता रूढ होतंय.

क्रियापदाशी लोक अडखळतात. समजा किरणने ‘दे’ निवडलंय. नावाबरोबर एकवचन, ‘दे’बरोबर अनेकवचन: ‘किरण इज हिअर’, पण ‘दे आर हिअर’. ‘दे इज’ चूक. एका माणसाला ‘आर’ कसं, हा प्रश्न आपल्याला तरी पडू नये; ‘बाबा आले’ म्हणताना बाबा एकच असतात. खुद्द ‘यू’सुद्धा मुळात अनेकवचनी. ‘तू’ या अर्थाचं एकवचनी ‘दाउ’ मागे पडलं, पण ‘यू’ने ‘आर’ सोडलं नाही.

खरी अडचण येते ती संदिग्धतेची. किरण आणि तिघे सहकारी एकाच परिच्छेदात असतील, तर ‘दे वेंट’ म्हणजे एक जण की चौघे हे कळत नाही. तिथे सर्वनाम काढा आणि ‘किरण’ पुन्हा लिहा. बोलताना चुकीचं सर्वनाम गेलंच, तर ‘सॉरी, दे’ म्हणून वाक्य पुढे न्या. लांबलचक माफीने समोरचा माणूस जास्त अवघडतो.