पत्ता भारतातला, पण कोणाचा?

परदेशी कंपनीविरुद्ध ग्राहक तक्रार केली, तर नोटीस भारतात कोणाला द्यायची? परदेशी कंपनीशी भांडणे नागपूरकरांना नवे नाही. १८६७ मध्ये इथे आगगाडी आणणारी कंपनी मूळची लंडनची. १८९० च्या रेल्वे कायद्याने सोय केली होती, की नोटीस कंपनीच्या भारतातल्या एजंटाला दिली तरी पुरे. १९५६ च्या कंपनी कायद्यानेही परदेशी कंपन्यांना अशीच सोय करण्याचे बंधन घातले. इथे धंद्याचे ठिकाण उघडले की ३० दिवसांत नोटिसा स्वीकारणाऱ्या, भारतात राहणाऱ्या माणसाचे नाव-पत्ता कंपनी निबंधकाकडे नोंदवायचा.

खरा गुंता उपकंपनीचा आहे. ॲपवर गुरुग्रामचा पत्ता दिसतो, तक्रारदार मूळ कंपनीचे नाव लिहून खाली तोच पत्ता टाकतो. पहिल्याच तारखेला समोरचे वकील सांगतात, ‘आमची कंपनी भारतात नोंदलेली आहे, वेगळी आहे; तुमचा करार सिंगापूरच्या कंपनीशी झालाय.’ कायद्याच्या अक्षराने ते बरोबर असते. मग समन्स परदेशी धाडायचे. परदेशात न्यायालयीन कागद पोचवण्याचा आंतरराष्ट्रीय हेग करार भारताला २००७ पासून लागू आहे, पण त्या मार्गाने कागद तिथल्या सरकारी यंत्रणेमार्फत जातो, गरज पडल्यास भाषांतरासह. सहा हजारांच्या वस्तूसाठी एवढे कोण करणार?

माझ्या मते, जाहिरात आणि वसुली करणारी उपकंपनी मूळ कंपनीची एजंटच मानली पाहिजे. २०१३ च्या कंपनी कायद्यात त्याला जागाही आहे. त्याच्या व्याख्येत धंद्याचे ठिकाण ‘स्वतः किंवा एजंटामार्फत, प्रत्यक्ष किंवा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने’ असू शकते, आणि २०१४ च्या नियमांनुसार मुख्य सर्व्हर भारताबाहेर असला तरी फरक पडत नाही. तरी एजंट कोण, हे प्रत्येक प्रकरणात पुराव्यानिशी दाखवावेच लागते.

जुलै २०२० पासून नव्या ग्राहक कायद्याखाली तक्रारदार राहतो तिथेच तक्रार करता येते. गुरुग्रामला खेपा घालायला नकोत. पण तक्रार नागपुरात चालते म्हणून नोटीस सिंगापूरला पोचत नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि गल्लत इथेच होते.

२०२१ च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांनी ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांना भारतातला प्रत्यक्ष पत्ता जाहीर करायला लावले. बाकीच्यांसाठी सावध वकील तक्रारीतच दोघांना ओढतात: विरुद्ध पक्ष क्र. १ मूळ कंपनी, क्र. २ भारतीय कंपनी. सोबत पैसे कोणाच्या खात्यात गेले, ते दाखवणारी बँकेची नोंद जोडतात.