जिनच्या भांड्यात माळव्या-निमाडचं रान

जिन मुळापासून गाळलेली दारू नसते. मळी किंवा धान्यापासून काढलेला, साधारण 96 टक्क्यांचा, वास नसलेला मद्यार्क आधीच तयार असतो. त्यात पाणी घालून तो 50 टक्क्यांवर आणतात, जुनिपर या सूचिपर्णी झुडपाची फळं आणि इतर सुगंधी वनस्पती भिजवतात आणि पुन्हा गाळतात. खरी कारागिरी या दुसऱ्या गाळण्यात असते.

रानातली वनस्पती निवडताना जिभेवर विसंबू नये. गोडी, आंबटपणा, तुरटपणा आणि रंग वाफेबरोबर वर जात नाहीत, ते भांड्यातच राहतात. त्यामुळे जिनमध्ये आवळ्याला फारसं काम नाही. मोहाचंही तसंच. माळव्यात स्थानिक जिन म्हटलं की पहिलं नाव मोहाचं निघतं, पण सुकलेल्या फुलांत वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर असते. खालून थेट आच असलेल्या भांड्यात ती तळाला लागते आणि जळकट वास अख्ख्या घाण्यात उतरतो. मोह वापरायचाच तर वर, वाफेच्या वाटेवर, जाळीच्या टोपलीत ठेवावा.

इथली खरी श्रीमंती रोशा गवतात आहे. महाराष्ट्रात याला तिखाडीही म्हणतात. निमाड आणि सातपुड्याच्या उतारांवर ते आपसूक उगवतं आणि त्याचं तेल अत्तरवाले फार पूर्वीपासून काढत आले आहेत. तेलात मुख्य घटक जिरॅनिऑल, म्हणजे गुलाबाच्या वासातलाच एक रेणू. घोटाळा होतो तो जातींमुळे. ‘मोतिया’ कोरड्या, निचऱ्याच्या उतारावर वाढतं आणि त्यात जिरॅनिऑल भरपूर असतं. ‘सोफिया’ ओलसर जागी वाढतं, त्यात जिरॅनिऑल कमी आणि वास उग्र, टर्पेंटाइनकडे झुकणारा. दिसायला दोन्ही जवळपास सारखीच, म्हणून फुलोरा बोटांत चुरडून हुंगल्याशिवाय पेंढी घेऊ नये. पावसाळ्यानंतर फुलोरा आला की शेंडे वरून कापावेत (मुळासकट उपटलं तर पुढच्या वर्षी काय कापणार?) आणि सावलीत सुकवावेत. जंगलातलं गवत असेल तर वनखात्याची परवानगी हवी.

एक लिटर, 50 टक्क्यांच्या मद्यार्काला सुरुवातीचं प्रमाण असं: जुनिपर 20 ग्रॅम, धणे 15 ग्रॅम, वाळा 1 ग्रॅम, लिंबाची सुकी साल 1 ग्रॅम, रोशा अर्धा ग्रॅम. रोशा दोन ग्रॅमवर गेला की जिनला साबणाचा वास येतो.

युरोपीय पाककृतींत धणे जुनिपरच्या निम्मे असतात. तिकडचे धणे बारीक आणि तेलाला भारी. आपल्याकडच्या टपोऱ्या धण्यांत तेल बरंच कमी, म्हणून प्रमाण वाढवावं लागतं. गुना जिल्ह्यातल्या कुंभराजचा धणा इंदूरच्या सियागंज बाजारात मिळतो. जुनिपर मात्र माळव्यात होत नाही. ‘हाऊबेर’ म्हणून मिळणारी फळं खात्री असेल तरच घ्यावीत, कारण जुनिपरच्या साबिनासारख्या काही जाती विषारी आहेत.

गाळताना हलके, लिंबाच्या सालीतले रेणू आधी येतात, मग जुनिपर आणि धणे. वाळ्याचे जड रेणू सगळ्यांत शेवटी. पहिले दहा-पंधरा मिली बाजूला काढावेत, त्यांत तिखट, तेलकट वास साठलेला असतो. धारेतलं अल्कोहोल 55-60 टक्क्यांच्या आसपास उतरलं की मधला भाग, म्हणजे जिनसाठी ठेवायची धार, थांबवतात. लवकर थांबवलं तर वाळा जिनमध्ये येतच नाही, उशीर केला तर ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. यावर उपाय म्हणजे वाळा बारीक कापून चोवीस तास भिजवणं, किंवा तो वेगळा गाळून नंतर मिसळणं. थर्मामीटरवर फार भरवसा नको. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच, त्यामुळे इथे उत्कलनबिंदू पुस्तकातल्यापेक्षा दीड-दोन अंश खाली असतो. नाक आणि अल्कोहोलमीटर जास्त खरे.

हे सगळं परवाना असलेल्या भट्टीतच. घरी दारू गाळणं गुन्हा आहे आणि मद्यार्काची वाफ गॅसच्या ज्योतीवर भडकते. वास ओळखायला शिकायचं असेल तर पाणी पुरेसं आहे. पातेल्यात पाणी आणि मूठभर रोशा घालावा, मधे तिवईवर वाटी, वर उलटं झाकण, झाकणावर बर्फ. मंद आचेवर अर्ध्या तासात वाटीत गुलाबाच्या वासाचं पाणी जमतं. दोन्ही जातींचं असं पाणी शेजारी ठेवून हुंगलं की फरक लगेच कळतो.

शेवटचा पेच पाण्याचा. मधला भाग 500 मिली, 78 टक्क्यांचा निघाला, तर 42.8 टक्क्यांवर आणताना सुमारे 910 मिली होतो. पाणी आरओचं घ्यावं, नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी जिन गढुळते. आरओ वापरूनही दुधाळ झाली तर तेल जास्त उतरलं आहे: कमी अल्कोहोलमध्ये ते विरघळून राहत नाही. गाळणीतून काढलं तर गढूळपणाबरोबर वासही जातो. त्याऐवजी त्याच तीव्रतेचा साधा मद्यार्क थोडा-थोडा मिसळत जावा. आधी 10 मिलीवर करून पाहावं, मग पिंपाला हात लावावा.