मेजर लीग संघाशी करार आणि मेजर लीगमधील पदार्पण

मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतील संघाने एखाद्या पिचरशी, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूशी, करार केला, की तो मेजर लीगमध्ये खेळला असे आपल्याकडे सहज गृहीत धरले जाते. उत्तर प्रदेशातून, भालाफेकीतून आलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना २००८ साली पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केले. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉल खेळणारे ते पहिले भारतीय ठरले आणि तेवढेही मोठेच होते. परंतु दोघेही खेळले ते मायनर लीगमध्ये. नवोदित पिचरला संघाच्या या खालच्या शाखांमधून एकेक पायरी चढावी लागते. पटेल दोन हंगामांनंतर मायदेशी परतला. रिंकू २०११ मध्ये सिंगल-ए स्तरावरील वेस्ट व्हर्जिनिया पॉवर संघापर्यंत पोहोचला, तेव्हाही मेजर लीगच्या अलीकडचे तीन स्तर शिल्लक होते.

याउलट लॅरी याउंट याने मेजर लीगच्या सामन्यात एकाही फलंदाजाला चेंडू टाकला नाही, तरीही त्याची कारकीर्द अधिकृत आहे. १५ सप्टेंबर १९७१ रोजी ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये अटलांटा ब्रेव्ह्जविरुद्ध नवव्या इनिंगसाठी ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने या २१ वर्षांच्या पिचरला बोलावले. बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरच्या सरावाच्या जागेत, सराव करतानाच त्याचे कोपर दुखू लागले होते. माउंडवर, म्हणजे मैदानात पिचर जिथून चेंडू टाकतो त्या उंचवट्यावर, गेल्यावर सरावाचे काही चेंडू टाकताना वेदना थांबेना, तेव्हा तो परतला आणि त्याच्या जागी जिम रे आला. पिचर म्हणून नाव पुकारले गेल्यानंतर किमान एका फलंदाजाचा निकाल लागेपर्यंत खेळणे तेव्हाच्या, २०२० पूर्वीच्या, नियमाने बंधनकारक होते; दुखापतीमुळे पंच त्यातून सूट देऊ शकत. नाव मात्र पुकारले गेले होते, म्हणून त्याच्या नावापुढे एक सामना आणि शून्य इनिंग अशी नोंद राहिली. एकाही फलंदाजाचा सामना न करता पिचर म्हणून नोंदला गेलेला मेजर लीगच्या इतिहासातील तो एकमेव खेळाडू आहे. नंतर मायनर लीगमध्ये काही हंगाम झगडूनही त्याला पुन्हा संधी मिळाली नाही. त्याचा धाकटा भाऊ रॉबिन मात्र मिलवॉकी ब्रूअर्सकडून २० हंगाम खेळला.

नाव पुकारले गेले की सामना मोजण्याचा हा नियम मला न्याय्य वाटतो. क्रिकेटमध्ये नाणेफेकीनंतर पावसाने एकही चेंडू पडला नाही, तरी अकरा जणांतील नवख्याचे पदार्पण धरले जाते, तसेच हे आहे. मेजर लीग संघात प्रत्यक्ष निवड होऊनही एकदाही मैदानात न उतरलेले अनेक खेळाडू आहेत आणि त्यांची गणना मेजर लीग खेळाडूंत होत नाही.