एसएमपीएसवरचे ते ४५० वॅट आले कुठून

मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर कॉम्प्युटरचं कॅबिनेट घ्यायला गेलं की आजही पहिला प्रश्न येतो, "एसएमपीएससकट पाहिजे का नुसता?" एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज घेऊन कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना पुरवणारा डबा. सकट घेतला तर आत बसवलेल्या डब्यावर बहुतेक वेळा ४५० वॅट लिहिलेलं असतं. पंधरा वर्षांपूर्वीही ४५०च असायचं. मधल्या काळात कॉम्प्युटर आतून पार बदलला पण स्टिकर तोच राहिला, आणि बजेटमधला एसएमपीएस घेताना जो घोळ होतो त्याचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

फार जुनं सांगत बसत नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीला ६३.५ वॅटचा सप्लाय पुरायचा. मग एटी या जुन्या पद्धतीचे दिवस, मदरबोर्डाला सप्लायचे दोन कनेक्टर शेजारी शेजारी लावायचे आणि काळ्या वायरी मधे एकमेकींना लागून आल्या पाहिजेत, चुकलं की बोर्ड गेला. १९९५ ला एटीएक्स ही नवी पद्धत आली, २० पिनांचा एकच कनेक्टर, तो उलटा बसतच नाही. तोवर प्रोसेसरची भूक ५ आणि ३.३ व्होल्टवर भागत होती, १२ व्होल्ट लागायचे ते मुख्यतः हार्ड डिस्कच्या मोटरला आणि पंख्याला.

खरी उलथापालथ झाली २००० साली, पेंटियम ४ आला तेव्हा. प्रोसेसर इतकी पॉवर मागायला लागला की ती ५ व्होल्टवर पोचवणं अवघड झालं. साधा हिशोब आहे, ६० वॅट ५ व्होल्टवर न्यायचे तर वायरीतून १२ अँपिअर जातात, तेच १२ व्होल्टवर फक्त ५. म्हणून ठरलं की प्रोसेसरला १२ व्होल्ट द्यायचे आणि खाली उतरवायचं काम बोर्डावर अगदी त्याच्या शेजारी करायचं. त्यासाठी तो चौकोनी चार पिनी कनेक्टर आला, पिवळ्या दोन, काळ्या दोन. चांगल्या कंपन्यांनी आतली डिझाइन बदलली, १२ व्होल्टची ताकद वाढवली. स्वस्तातल्यांनी मात्र जुनाच सांगाडा ठेवला, ज्यात सगळा जोर ३.३ आणि ५ वर, आणि त्याला बाहेरून चार पिनी वायर जोडून दिली. कनेक्टर बसतो, कॉम्प्युटर सुरू होतो, गिऱ्हाईक खूश.

आता 'रेल' या शब्दाबद्दल, म्हणजे डब्यातून निघणारं एकेका व्होल्टचं आउटपुट, कारण सगळ्यात जास्त फसवणूक यानेच झालीय. २००३ ला एटीएक्सचा नवा नियम आला, मेन कनेक्टर २० चा २४ पिनी झाला, आणि त्यातच एक अट होती की १२ व्होल्टच्या एका आउटपुटवर २४० व्हीएपेक्षा (व्होल्ट गुणिले अँपिअर) जास्त जाता कामा नये, म्हणजे साधारण २० अँपिअर. हेतू चांगला होता, शॉर्ट झालं तर वायर वितळून आग लागू नये. त्यामुळे १२ व्होल्टचे दोन भाग पडले, १२व्ही१ आणि १२व्ही२, दोघांना वेगळी मर्यादा. पुढे ग्राफिक्स कार्डं एवढी खायला लागली की ही अट गैरसोयीची वाटू लागली आणि ती काढून टाकली. एक रेल बरी का अनेक, यावर तेव्हा भरपूर भांडणं झाली. माझं मत विचाराल तर मर्यादा असणं चांगलंच, पण बऱ्याच डब्यांत दोन्ही रेल आत एकाच ठिकाणी सोल्डर केलेल्या असायच्या, मर्यादा बघणारं सर्किटच नाही, दोन भाग फक्त स्टिकरवर. आणि दुकानात दोन्हींची बेरीज करून सांगायचे, १८ आणि १८, छत्तीस अँपिअर आहे साहेब! तशी बेरीज करायचीच नसते. दोन्ही मिळून किती, तो आकडा वेगळा छापलेला असतो, कित्येक लोकल डब्यांवर तो नसतोच.

गेल्या गणपतीत भाचा म्हणाला, मामा, गेम लावला की पीसी धाडकन बंद पडतो. ६५ वॅटचा रायझन प्रोसेसर, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड आणि कॅबिनेटबरोबर आलेला ४५० चा डबा. काढून स्टिकर वाचलं: ३.३ ला २० अँपिअर, ५ ला २२, १२ ला १६. तिन्हींचे गुणाकार करून जोडले तरी ३६८ होतात, आणि कामाचे १२ व्होल्टवाले फक्त १९२ वॅट. तो प्रोसेसर लोडवर ८८ पर्यंत जातो, कार्ड १३२ चं, इथेच २२० झाले. कार्डाला आठ पिनी वायर लागते, ती त्या डब्याला नव्हतीच, म्हणून दुकानदाराने मोलेक्सवरून, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या चार पिनी कनेक्टरवरून, कन्व्हर्टर लावून दिलेला, त्याचं प्लास्टिक एका कोपऱ्यात पिवळं पडलं होतं. हात लावल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

कनेक्टरमधला दुसरा गोंधळ आठ पिनीचाच. प्रोसेसरचा ४+४ आणि ग्राफिक्सचा ६+२ दिसायला भाऊ-भाऊ, पण १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू एकमेकांच्या उलट. खाचा वेगळ्या असतात पण जोर लावून घुसवणारे बघितलेत. ग्राफिक्सचा सहा पिनी ७५ वॅटचा, आठ पिनी १५० चा, बोर्डाच्या स्लॉटमधून आणखी ७५ मिळतात.

२००४ पासून ८० प्लसचा शिक्का आला, नंतर ब्रॉन्झ, गोल्ड वगैरे. तो एफिशियन्सी सांगतो, म्हणजे भिंतीतून घेतलेल्यातलं किती वाया जात नाही ते. शॉर्ट झाल्यावर डबा स्वतः बंद होईल का, हे त्या शिक्क्यात येत नाही. पण एक आडून फायदा आहे, जुन्या सांगाड्यावर ब्रॉन्झ मिळवणं कठीण, त्यामुळे खरा शिक्का असलेला डबा बहुधा १२ व्होल्टला धरूनच बनवलेला असतो. बिनशिक्क्याच्या काही डब्यांना मागे लाल ११५/२३० चा खटका अजून असतो, आपल्याकडे तो चुकून ११५ वर गेला की फटाका.

२०२० च्या आसपास फक्त १२ व्होल्ट देणारा १० पिनी प्रकारही आला, ३.३ आणि ५ बोर्डानेच बनवायचे. त्यात हा लपंडाव उरत नाही, पण असेंबलवाल्यांकडे मला तरी अजून २४ पिनीच बोर्ड दिसतात.

भाच्याला नंतर ब्रॉन्झवाला घेऊन दिला. आठ पिनी वायर त्याची स्वतःची, १२ व्होल्टला ३६ अँपिअर, म्हणजे ४३२ वॅट. जुना आणि नवा डबा टेबलावर शेजारी ठेवून त्याला दाखवले, दोन्हींवर मोठ्या अक्षरात ४५०.