पिचरची अचूकता पायांपासून सुरू होते

शिवाजी पार्कच्या नेटजवळ संध्याकाळी थोडा वेळ उभे राहिले, की मुलांना दिल्या जाणाऱ्या बहुतेक सूचना हाताविषयीच असल्याचे लक्षात येते: हात कानाजवळून येऊ दे, मनगट सरळ ठेव, बोटे शिवणीवर राहू दे. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या पिचरची दिशा चुकली, तरी दोष आधी त्याच्या हातालाच दिला जातो. या सूचना चुकीच्या नाहीत, परंतु माझ्या मते त्या फार उशिराच्या आहेत, कारण चेंडू कुठे जाणार याचा बराचसा निर्णय हात पुढे येण्यापूर्वीच पायांनी आणि धडाने केलेला असतो.

पिचरच्या पायाखालची पट्टी आणि होम प्लेट, म्हणजे फलंदाजापाशी जमिनीत बसवलेली आणि चेंडू जिच्यावरून जायला हवा ती पाटी, यांच्यात १८.४४ मीटर अंतर असते आणि प्लेटची रुंदी अवघी ४३ सेंटिमीटर असते. लांब पाऊल टाकून पिचर चेंडू सोडतो, तेव्हा प्रत्यक्षात सुमारे पावणेसतरा मीटरच उरलेले असतात. या अंतरावर दिशेत एका अंशाची चूक झाली, तर चेंडू सुमारे २९ सेंटिमीटर सरकतो. म्हणजे प्लेटच्या मध्यावर रोखलेला चेंडू तिच्या कडेबाहेर जातो.

आता गोफण आठवून पाहावी. शेताची राखण करणारा माणूस गोफणीची दोरी क्षणभर लवकर किंवा उशिरा सोडतो, तेव्हा दगड भलतीकडेच जातो, कारण वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूची दिशा क्षणोक्षणी बदलत असते. पिचरचा हात एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळात सेकंदाला ४० मीटर वेगाने फिरतो असे धरले, तर एका मिलिसेकंदात त्याची दिशा सव्वादोन अंशांहून अधिक बदलते आणि तेवढ्याच चुकीने चेंडू प्लेटपाशी ६७ सेंटिमीटर दूर जातो. केवळ बोटांच्या वेळेवर विसंबून इतकी अचूकता चेंडूमागून चेंडू साधणे कोणालाही शक्य नाही.

मग चांगल्या पिचरला ते कसे साधते? त्याचा हात अशा एका जागी खिळलेल्या केंद्राभोवती फिरत नाही. पुढचा पाय लक्ष्याच्या दिशेने पडतो, आधी कंबर वळते, खांदे किंचित मागे राहून नंतर वळतात आणि त्याच वेळी धड पुढे झुकत असते. हाताच्या वर्तुळाचे केंद्रच पुढे सरकत असल्यामुळे चेंडू सुटण्याच्या सुमारास हाताचा मार्ग चपटा, जवळजवळ सरळ होतो. वक्रतेची त्रिज्या दुप्पट झाली, तर त्याच वेगाला मिलिसेकंदाची चूक निम्म्यावर येते. हा हिशेब मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातून शरीराची योग्य हालचाल बोटांच्या चुका पोटात घालते हे दिसते.

यात पुढच्या पायाचे काम सर्वांत मोठे आहे. जमिनीवर टेकल्यावर तो गुडघ्यात ढिला पडला, तर धडाला टेकू मिळत नाही. घट्ट राहिला, तर पायांनी निर्माण केलेला वेग धडाकडे आणि तेथून खांदा, कोपर व मनगटाकडे चढत जातो. धड वेळेपूर्वी उघडले, तर हात मागे राहतो आणि उजव्या हाताच्या पिचरचा चेंडू बहुधा वर व त्याच्या उजवीकडे जातो. डोके एका बाजूला कलंडले, तरी खांद्यांची रेषा बिघडते. भालाफेकीतही पुढच्या पायाचा असाच टेकू लागतो. २००८ साली पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी बेसबॉल संघाने करारबद्ध केलेले भारतीय पिचर रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे मूळचे भालाफेकपटूच होते. पावसाळ्यात कांगा लीग या मुंबईतील क्रिकेट स्पर्धेच्या ओल्या मैदानांवर पुढचा पाय जरासा घसरला, तरी गोलंदाजाचा टप्पा हरवतो, त्याचे कारणही हेच.

पिचर ज्या मातीच्या उंचवट्यावर उभा राहतो, त्याची उंची १९६९ पासून अमेरिकेच्या मुख्य स्पर्धेत १० इंच आहे. आझाद मैदानाच्या सपाट जमिनीवर सराव करणाऱ्याला हा उतार मिळत नाही, त्यामुळे त्याचे पाऊल थोडे लवकर टेकते आणि उंचवट्यावर गेल्यावर लय नव्याने बसवावी लागते.

जागेची अडचण असलेल्या मुंबईत रुमालाचा सराव मात्र इमारतीच्या गच्चीवरही करता येतो. बोटांत छोटा रुमाल धरून फेकीची संपूर्ण हालचाल करायची आणि पुढच्या पायापासून काही अंतरावर साथीदाराने धरलेल्या हातमोज्यावर तो आपटायचा. हातमोजा योग्य अंतरावर असेल, तर धड पुरेसे पुढे आल्याशिवाय रुमाल तेथे पोहोचतच नाही.