एसक्यूडीजी आणि सल्फाटाइड: सल्फर कार्बनला चिकटलाय की ऑक्सिजनला?

ठाणे स्टेशनच्या आसपास नेट-सेटच्या ज्या झेरॉक्स नोट्स मिळतात, त्यांत एक ओळ बॅचमागून बॅच तशीच उतरत आली आहे: ‘सल्फोलिपिड म्हणजे सल्फेट गट असलेला ग्लायकोलिपिड. उदा. वनस्पतींत एसक्यूडीजी, प्राण्यांत सल्फाटाइड.’ मुलं ती पाठ करून येतात आणि मला दर वर्षी ती खोडावी लागते. सल्फोलिपिड म्हणजे सल्फर असलेला लिपिड (मेदरेणू), आणि ग्लायकोलिपिड म्हणजे शर्करा जोडलेला लिपिड. पण एसक्यूडीजीमध्ये सल्फेट नाही, सल्फोनेट आहे. ही बारीकसारीक चूक नव्हे. तिच्यामुळे पुढची सगळी उत्तरं चुकतात, म्हणून एकदा नीट लिहितो.

एसक्यूडीजी बहुतेकांना माहीत असतो, त्यामुळे भरभर. पूर्ण नाव सल्फोक्विनोव्होसिल डायअसाइलग्लिसरॉल. अँड्र्यू बेन्सन आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये तो वनस्पतींत दाखवून दिला. ग्लिसरॉलवर दोन मेदाम्लं आणि तिसऱ्या जागी सल्फोक्विनोव्होज ही शर्करा. हरितलवकांच्या थायलॅकॉइड पटलात, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या आतल्या पडद्यांत, तो असतो, शैवालांत असतो, बहुतेक सायनोबॅक्टेरियांतही असतो. ओहोटीला ऐरोलीच्या खाडीत चिखलावर जो हिरवट-तपकिरी थर दिसतो, त्यात तो आहेच.

सल्फाटाइड मेंदूतला. योहान थुडिकम यांनी १८८४ मध्ये त्याचं वर्णन केलं. सिरॅमाइड हा मेदाचा गाभा, त्यावर गॅलॅक्टोज ही शर्करा आणि गॅलॅक्टोजच्या तिसऱ्या कार्बनवर सल्फेट. मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या वेष्टनात तो भरपूर असतो, मूत्रपिंडातही सापडतो. खाडीतला तो थर गाळून खाणाऱ्या छोट्या रोहित पक्ष्याच्या पोटात एसक्यूडीजी जातो आणि त्याच पक्ष्याच्या मायलिनमध्ये सल्फाटाइड असतो.

आता जिथे सगळे घसरतात ती जागा. सल्फरला कोणकोणते अणू जोडलेत ते मोजा. सल्फाटाइडमध्ये चारही ऑक्सिजन आहेत आणि त्यांतल्या एका ऑक्सिजनच्या मार्फत सल्फर शर्करेला जोडलेला आहे. हा सल्फेट एस्टर. एसक्यूडीजीमध्ये ऑक्सिजन तीनच. चौथा बंध थेट शर्करेच्या सहाव्या कार्बनशी आहे. हा सल्फोनेट. नोट्समधल्या आकृतीत सहाव्या कार्बनवर हमखास एक जादा ‘ओ’ घातलेला असतो आणि तो पाहिला की मला अजूनही राग येतो. तो एक अणू घातला की ती सल्फोक्विनोव्होज राहतच नाही, ग्लुकोज-६-सल्फेट होते. आकृती काढताना ‘सल्फर गट’ असं लिहून मोकळं होऊ नका. बंध काढून दाखवा.

एका ऑक्सिजनने एवढा काय फरक पडतो? आधी हे रेणू बनतात कसे ते पाहा. वनस्पतीत एसक्यूडी१ हे विकर (एन्झाइम) यूडीपी-ग्लुकोज, म्हणजे ग्लुकोजचं सक्रिय रूप, आणि सल्फाइट घेतं आणि यूडीपी-सल्फोक्विनोव्होज बनवतं. म्हणजे सल्फर शर्करेत आधी बसतो, मग एसक्यूडी२ ती तयार शर्करा डायअसाइलग्लिसरॉलवर चढवतं. सल्फाटाइडची चाल बरोबर उलटी. तिथे लिपिड आधी पूर्ण होतो, गॅलॅक्टोजसकट. मग गॉल्जी यंत्रणेत सल्फोट्रान्सफरेज हे विकर पॅप्स या सल्फेट पुरवणाऱ्या रेणूकडून आयता सल्फेट उचलून गॅलॅक्टोजच्या हायड्रॉक्सिलवर ठेवतं. मधला तो ऑक्सिजन शर्करेचा स्वतःचाच.

मोडतानाही तसंच. सल्फाटाइडमधला सल्फेट आम्लाने निघतो आणि लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या मोडतोड-कप्प्यात, अरिलसल्फाटेज ए हे विकर सॅपोसिन बी या प्रथिनाच्या मदतीने तो काढतं. एसक्यूडीजीवर आम्ल वापरलं तर मेदाम्लं सुटतात, शर्कराही ग्लिसरॉलपासून सुटते, पण कार्बन-सल्फर बंध तसाच राहतो. ई. कोलाय सल्फोक्विनोव्होज कशी पचवतो हे २०१४ मध्ये उलगडलं. त्यातही हा बंध तुटत नाही. सल्फर तीन कार्बनांच्या एका तुकड्याला चिकटलेलाच बाहेर टाकला जातो. पालकाच्या भाजीतून आपल्या आतड्यात येणाऱ्या या शर्करेचा सल्फर मोकळा व्हायला बायलोफिलासारखा दुसरा जिवाणू लागतो. तो या तुकड्यापासून हायड्रोजन सल्फाइड बनवतो. त्यामुळे ‘सल्फाटेज एसक्यूडीजीचं विघटन करतं’ हे वाक्य कुठेही दिसलं की सरळ काट मारा.

काही जण कणा बघून ओळखायला जातात: ग्लिसरॉल असेल तर सल्फोनेट, स्फिंगॉइड (सिरॅमाइडमधली नायट्रोजन असलेली लांब साखळी) असेल तर सल्फेट. हे शिकवूच नये. वृषणातल्या सेमिनोलिपिडचा कणा ग्लिसरॉलचा आहे आणि त्यावर सल्फेट आहे. कॅप्नोसायटोफॅगा जिवाणूतला कॅप्नीन स्फिंगॉइडसारखा दिसतो आणि सल्फोनेट आहे.

प्रभाराबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पेशीतल्या पीएचला दोन्हींवर एकेक ऋण प्रभार असतो.

पण एसक्यूडीजीचं काम त्या प्रभारावरच चालतं. जमिनीत फॉस्फेट कमी पडलं की वनस्पती फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल हा फॉस्फरस असलेला, ऋण प्रभाराचा लिपिड कमी करते आणि एसक्यूडीजी वाढवते. पटलाचा ऋण प्रभार टिकतो, फॉस्फरस वाचतो. ‘एसक्यूडीजीशिवाय प्रकाशसंश्लेषण अशक्य’ असंही लिहिलेलं सापडतं. तेही चूक. एसक्यूडीजी न बनवणारी अरॅबिडॉप्सिस या प्रयोगांतल्या नेहमीच्या वनस्पतीची रोपं फॉस्फेट पुरेसं असेल तर व्यवस्थित वाढतात, तुटवडा झाला की मागे पडतात.

सल्फाटाइड बनवू न शकणाऱ्या उंदरांत मायलिन तयार होतं, पण रॅनव्हियरच्या गाठींशेजारी (मायलिनच्या वेष्टनातल्या मोकळ्या फटींशेजारी) त्याची अक्षतंतूवरची पकड बिघडते. माणसात प्रश्न बहुधा उलटा असतो: अरिलसल्फाटेज ए कमी पडलं की सल्फाटाइड साचतो, मायलिन नष्ट होतं, चालायला लागलेलं मूल चालणं विसरतं. हा मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी आजार. केवळ विकर कमी आलं म्हणून निदान होत नाही, कारण काही निरोगी माणसांतही ते कमी आढळतं. म्हणून लघवीतला सल्फाटाइड आणि जनुक दोन्ही तपासतात. या आजाराचा एसक्यूडीजीशी काडीचाही संबंध नाही, तरी ‘सल्फोलिपिड साचण्याचा आजार’ असं लिहून मुलं दोन्हींची सरमिसळ करतात.

राहिला क्षयाच्या जिवाणूचा सल्फोलिपिड-१. खोकला चेतवणारा रेणू म्हणून २०२० पासून तो चर्चेत आहे. नावात सल्फो असलं तरी त्यात ट्रेहॅलोज या शर्करेच्या दुसऱ्या कार्बनवर, ऑक्सिजनच्या मार्फत, सल्फेट आहे. त्याला एसक्यूडीजीच्या रकान्यात टाकू नका.