गाडीच्या फ्लोअरचं पत्राकाम

जुन्या गाडीच्या फ्लोअरचा गंजून सडलेला भाग कापून काढायचा आणि तिथे त्याच आकाराचा नवा पत्रा वेल्ड करून बसवायचा, ह्याला फ्लोअरचं पत्राकाम म्हणतात. प्रोजेक्ट कार म्हणजे पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर, जुनी मारुती ८०० वगैरे जी कोणीतरी हौसेने घेऊन सवडीने उभी करत असतो, तिच्यात हे काम जवळपास ठरलेलंच असतं. कारण रंग कितीही चकचकीत असला तरी मॅट उचलून कोणी बघितलेलं नसतं. बडोद्यात जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसला विंटेज गाड्यांचा मोठा मेळा भरला होता. तिथे गाडी वरून बघायची असते, विकत घेताना मात्र खाली झोपून बघायची.

पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर आणि ८०० ह्या तिन्ही मोनोकॉक, म्हणजे खाली वेगळी चासी (लोखंडी सांगाडा) नाही, बॉडीच सगळा भार घेते. त्यामुळे फ्लोअर, मधला बोगदा (दोन सीटांमधला लांबट उंचवटा) आणि दाराखालचे पोकळ बॉक्स (गॅरेजवाले ह्याला रनिंग बोर्ड म्हणतात) मिळून गाडीचा कणा होतो. जीप किंवा स्टँडर्ड हेराल्डला चासी वेगळी असते, तिथे फ्लोअर गेलं तर पाय ओले होतात, पण मोनोकॉकमध्ये गेलं तर दारं नीट लागेनाशी होतात आणि सीट बेल्टचा बोल्ट ज्या पत्र्यात आहे तोच सुटायला लागतो.

गंज बहुतेक वेळा खालून नाही, आतून लागतो. पुढच्या काचेचं रबर कडक होऊन फाटलेलं असतं, दाराच्या तळाची पाणी जायची भोकं मातीने बुजलेली असतात, एसीची ड्रेन नळी आतच गळत असते, आणि हे सगळं पाणी मॅटखालच्या नमद्यात (जाड फेल्टमध्ये) जाऊन बसतं. वरून हात लावला तर कोरडं, खाली महिनोनमहिने ओलं. बडोद्यात ह्यात विश्वामित्री नदीची भर. २०१९ च्या जुलैअखेरच्या आणि २०२४ च्या ऑगस्टअखेरच्या पुरात सयाजीगंज, समा, अकोटा अशा भागांत पाणी शिरलं, आणि पुरात बुडालेल्या गाडीचा खरा त्रास पाणी नसून गाळ असतो. तो रनिंग बोर्डच्या आत जाऊन बसतो आणि ओल धरून ठेवतो, म्हणून वॉशिंगला देऊन सीटकव्हर बदललेली गाडी दोन-तीन पावसाळ्यांनी खालून सडायला लागते.

नुकसान किती ते स्क्रू ड्रायव्हरने टोचून कळतं. कंपनीने लावलेले डांबरी पॅड आधी खरवडून काढायचे, कारण सगळ्यात वाईट पत्रा त्यांच्याच खाली असतो, आणि मग जिथे टोक आत जातं तिथून चांगला, घट्ट पत्रा लागेपर्यंत कापत जायचं. रुपयाएवढं भोक दिसतं ते कापल्यावर ताटाएवढं होतं. इथे कंजूषी केली तर काम वाया, पातळ झालेल्या कडेवर वेल्डिंग धरतच नाही.

कापण्याआधीची तयारी बऱ्याच ठिकाणी उरकून टाकतात आणि आग लागते ती तिथेच. बॅटरी काढायची, सीट, मॅट, वायरिंग बाजूला घ्यायचं, फ्लोअरखालून जाणारे पेट्रोलचे आणि ब्रेकचे पाइप सोडवायचे, टाकी उतरवायची, आणि वेल्डिंग चालू असताना एक माणूस आग विझवायचा सिलिंडर घेऊन दुसऱ्या बाजूला उभा पाहिजे. मोठा तुकडा किंवा रनिंग बोर्ड कापायचा असेल तर दाराच्या चौकटीत आडव्या-तिरक्या पाइपांचा आधार टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारून लावतात, नाहीतर बॉडी मधे खचते आणि नवा पत्रा त्या वाकड्या अवस्थेतच पक्का होतो, मग दार कधीच सरळ लागत नाही. गाडी जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, स्टँड लावायचे.

पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड लाटलेला) घ्यायचा, २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिमी, आणि सीटच्या किंवा बेल्टच्या बोल्टखाली १८ गेज, साधारण १.२ मिमी. जाड पत्रा जास्त मजबूत म्हणून सगळीकडे २ मिमी ठोकणारे असतात, पण मग शेजारचा जुना पातळ पत्रा वेल्डिंगच्या कडेला फाटतो. जीआय (जस्ताचा थर दिलेला) पत्रा टाळलेला बरा, जस्ताचा धूर श्वासातून आत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. पुठ्ठ्याचं टेम्प्लेट कापून त्यावरून पत्रा कापायचा, आणि मूळ फ्लोअरला ज्या उठावदार पट्ट्या होत्या त्या नव्या तुकड्यातही काढायच्या, कारण सपाट पत्रा पायाखाली डबडब वाजतो.

आता वेल्डिंग. साध्या आर्क वेल्डिंगच्या रॉडने एवढा पातळ पत्रा जळून भोकं पडतात. गॅस वेल्डिंग जुने डेंटर सुंदर करतात आणि त्यांचा हात बघण्यासारखा असतो, पण उष्णता लांब पसरते आणि पत्र्याला पोट येतं. पितळाचा जोड दिसायला छान, पण जिथे भार येतो तिथे चालत नाही. फ्लोअरला सगळ्यात सोयीचं मिग (बंदुकीतून तार आपोआप पुढे येते आणि भोवती गॅस सुटतो ते वेल्डिंग), ज्याला गॅरेजमध्ये सीओटू म्हणतात, ०.६ किंवा ०.८ मिमीच्या तारेने. नुसत्या सीओटू गॅसवर काम होतं, ठिणग्या जास्त उडतात एवढंच, आर्गनची मिसळ असेल तर पातळ पत्र्यावर जास्त सोपं जातं. लांबलचक रनिंग वेल्डिंग मारायचंच नाही. एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, मग तिसरीकडे, हात लावता येईल इतका पत्रा गार झाला की मधल्या जागा भरत यायचं, ह्यात अर्धा दिवस जातो आणि जाऊ द्यावा. फट जास्त झाली तर मागे तांब्याची पट्टी धरतात, तांब्याला वेल्ड चिकटत नाही. जिथे पत्र्यावर पत्रा येतो तिथे वरच्यात ८ मिमीची भोकं पाडून ती भरून घेतात, म्हणजे कंपनीच्या स्पॉट वेल्डिंगसारखी पकड येते, आणि दोन्हींच्या मधे आधी वेल्डिंग चालणारा झिंक प्रायमर मारतात. एक धोका फारसा कोणी सांगत नाही: क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर आर्क मारला की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो, म्हणून पुसायला साधं थिनर वापरून ते पूर्ण उडून जाऊ द्यायचं.

फायबर आणि लांबी (पुट्टी) भरून वरून डांबर फासलेलं फ्लोअर विकायला ठेवलेल्या गाड्यांमध्ये सर्रास असतं. ते काम नाही, झाकाझाकी आहे, आत पाणी अडकून गंज अजून जोरात वाढतो. नीट केलेल्या कामात जोडावर सीलर, मग दोन्ही बाजूंनी इपॉक्सी प्रायमर, खाली अंडरकोटिंग आणि पोकळ बॉक्समध्ये मेण फवारलेलं असतं. बडोद्यात हे दिवाळीनंतर काढावं, पावसाळ्यात घासलेला पत्रा सकाळपर्यंत लाल होतो.

पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी असेल तर अजून एक गोष्ट बघावी लागते. २०२१ मध्ये आलेल्या नियमांप्रमाणे विंटेज म्हणून नोंदणी हवी असेल तर चासी किंवा बॉडी शेलमध्ये मोठा बदल झालेला चालत नाही, म्हणून मूळ आकार धरूनच तुकडा बसवायचा आणि आधीचे-नंतरचे फोटो ठेवायचे.

मॅट परत टाकण्याआधी गाडीवर पाइपने भरपूर पाणी मारतात, एक जण आत टॉर्च घेऊन बसतो. काचेच्या कोपऱ्यातून एक जरी ओघळ आला तरी आधी रबर बदलायचं, मॅट नंतर.